टालमनच्या गटातला तेरावा माणूस

प्रिय जोलीन,

तुझं पत्र परवा मिळालं. सीडर रॅपिड्सला लेकीकडे तुला करमतंय, गुडघा जरा बरा आहे, नातवंडं तुझ्या हातचं खातायत, सगळं वाचून बरं वाटलं. इथे अजून बर्फ आहे, आणि तुझ्या घरात राहायला आलेलं जोडपं ओसरीवरचा बर्फ उपसत नाही, हे मी रोज जाता-येता बघते आणि जीव जाळून घेते. पण तुझ्या पत्रातल्या एका वाक्याने माझं डोकं जे फिरलंय ते अजून ताळ्यावर नाही. तू लिहितेस, "टालमनच्या बाबतीत तुझंच खरं होतं गं आर्लिस. आपल्या गावात ज्याच्यामागे पंधरा टक्के माणसं उभी राहिली नाहीत, तो देशात काय दिवे लावणार होता? निकालाने दाखवून दिलं." जोलीन, तू मला शिव्या घातल्या असत्यास तर परवडलं असतं. सबंध हिवाळा माझ्याशी हिरिरीने भांडलीस, आणि आता लेकीच्या सोफ्यावर बसून हार मानतेस? मी ती घेणार नाही.

तो हिवाळा आठव. राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार निवडायची देशातली पहिली फेरी आपल्या राज्यात, त्यामुळे एरवी ज्यांना आयोवा नकाशावर दाखवता येत नाही अशी मोठमोठी माणसं दर चार वर्षांनी आपल्या स्वयंपाकघरात येऊन पायात पायात घोटाळतात. तुझ्याकडे टालमन आला. गव्हर्नर माणूस, पण बूट दाराशी काढून मोज्यांवर आत आला, आणि एका मोज्याला भोक होतं. मर्लने त्याला विचारलं, दुधाचे भाव असेच पडत राहिले तर तुम्ही काय करणार? तो इतका वेळ गप्प बसला की मला वाटलं गृहस्थाचा डोळा लागला. मग म्हणाला, "मला आत्ता सांगता येणार नाही. पण कुणाकुणाला विचारायचं ते मला माहीत आहे." मर्ल खूश झाला. तुझ्या नवऱ्याला मी कुठल्याही पुढाऱ्यावर खूश झालेला त्याआधी पाहिला नव्हता. तू त्याला ॲपल पायचा दुसरा तुकडा वाढलास. आणि मी कपाळाला हात लावला, कारण मला तो माणूस तुझ्या टेबलाशी दिसतच नव्हता, तो मला टीव्हीवर गप्प बसलेला दिसत होता.

मग सुरू झालं आपलं दर गुरुवारचं युद्ध. मी म्हणायचे, माणूस लाख चांगला आहे, पण चांगुलपणाला मतं पडत नाहीत. फ्लोरिडातल्या, ओहायोतल्या लोकांना काय चालेल ते बघ. सिनेटर कॅलॅहनला बघ, उंच आहे, आवाज आहे, प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो. तू म्हणायचीस, "अगं, उत्तर आधीच तयार असतं म्हणून देतो. आणि फ्लोरिडातल्या बाईला काय आवडेल ते मी कशाला ओळखू? तिला तिचं मत आहे, मला माझं आहे. शेजारणीला आवडते म्हणून तू घरी रोज कोबी शिजवतेस का?" मी म्हणायचे, इथे नोव्हेंबरची खरी निवडणूक जिंकायचीय बाई, कोबी नाही शिजवायचा. तू म्हणायचीस, "ज्या गावात निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही, त्या गावाने आख्ख्या देशाच्या मनातलं सांगायचं? आपण एवढंच सांगू शकतो की आम्ही या माणसासमोर बसलो, आणि हा आम्हाला बरा वाटला." मर्ल कोपऱ्यात कॉफी पीत असायचा. एकदाच मध्ये बोलला. म्हणाला, "आर्लिस, तुला स्वतःला कोण आवडतो ते तू अजून सांगितलंच नाहीस." मी म्हटलं, तुम्ही तुमच्या गुरांकडे बघा. तो हसला, पण मी उत्तर दिलं नव्हतं आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं.

आता माझं ऐक. निकालाने काय दाखवलं म्हणतेस? दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की राज्यात टालमन चौथा, म्हणजे तो देशात चालणारा माणूस नाही. आठवड्याने न्यू हॅम्पशरच्या लोकांनी तो पेपर वाचला आणि म्हणाले, हा तर चालत नाही, मत कशाला वाया घालवा. तिथेही तो पडला. मग टीव्हीवरचे पंडित म्हणाले, बघा, आम्ही सांगितलं नव्हतं? बाकी देश काय करेल याचा अंदाज बांधून आपण कॅलॅहनला निवडलं, आणि बाकी देशाने आपण निवडलं म्हणून त्याला निवडलं. त्याला पसंत असं कुणीच केलं नव्हतं! आम्ही देशाच्या तोंडाकडे बघत होतो आणि देश आमच्या. आणि नोव्हेंबरात त्या उंच, आवाजवाल्या, हमखास जिंकणाऱ्या माणसाने एकोणचाळीस राज्यं घालवली. आपली काउंटीसुद्धा. त्या रात्री मी टीव्ही बंद करून सिंकमधली भांडी दोनदा घासली. तू फोन केला नाहीस. "काय गं, जिंकला का तुझा?" एवढं म्हणायचा तुला हक्क होता, आणि तू तो वापरला नाहीस म्हणून मला तुझाच राग आला.

टालमन उभा राहिला असता तर जिंकला असता, असं मी म्हणत नाही. कदाचित पंचेचाळीस राज्यांत आपटला असता. मी म्हणते ते एवढंच, की ते कुणाला माहीत नाही, आणि आपल्या शाळेच्या जेवणाच्या हॉलमधल्या चौऱ्याऐंशी माणसांवरून तर ते मुळीच कळलं नाही. तू उगाच त्या निकालापुढे मान तुकवतेस. तो निकाल कसा लागला ते तुला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे.

सोमवारची ती सभा आठव. नावनोंदणीचं टेबल, दुधाच्या मशीनपाशी कॅलॅहनची माणसं, खिडकीपाशी टालमनसाठी उभा राहिलेला तुझा गट; मत द्यायचं म्हणजे आपल्या माणसाच्या गटात जाऊन उभं राहायचं. चौऱ्याऐंशी डोकी, म्हणजे पंधरा टक्क्यांच्या हिशेबाने गट टिकायला तेरा हवीत. बारावर थांबलं तर गट मोडायचा आणि ज्याने त्याने दुसरीकडे जायचं. तुझ्याकडे बारा होते. तू हॉलभर सांगत फिरत होतीस, "मर्ल येतोय, गाय अडली होती, वासरू बाहेर आलं की निघतो म्हणालाय. तेरावा आमचा मर्ल!" माझ्याही कानाशी येऊन सांगितलंस. सभेची अध्यक्ष मी. चोवीस वर्षं मीच अध्यक्ष. दार मी लावायचं, डोकी मी मोजायची. सातला दार बंद, त्याआधी जो दारात पोचला तो आत, हा नियम मी दर वेळी मोठ्याने वाचून दाखवते आणि तू दर वेळी जांभई देतेस.

सातच्या सुमाराला मी दाराशी गेले. काचेतून मर्लची गाडी दिसली. तो उतरला, काठी घेतली, आणि बर्फ वितळायला मीठ टाकलेल्या वाटेवरून हळूहळू चालायला लागला. हृदयाच्या त्या झटक्यानंतर तो कसा चालायचा तुला माहीत आहे. मी मागे वळून भिंतीवरचं घड्याळ बघितलं. सात. मी मोठ्याने म्हटलं, "सात वाजले," आणि कडी सरकवली. तो पोचला, काचेवर हात ठेवला. मी घड्याळाकडे बोट दाखवलं. त्याने बघितलं, मान हलवली, टोपीला हात लावला आणि परत जाऊन गाडीत बसला. दीड तास बसला तो त्या थंडीत, कारण तुला घरी न्यायचं होतं.

जोलीन, त्या शाळेच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षं काढली. मधल्या सुट्टीनंतर मुलं रेंगाळतात आणि दुपारची बस चुकवतात, म्हणून त्या हॉलमधलं घड्याळ तीन मिनिटं पुढे ठेवायला मीच लावलं होतं. शिपाई बदलले, मुख्याध्यापक बदलले, ते घड्याळ तसंच राहिलं. माझ्या मनगटावर माझं घड्याळ होतं, आणि कडी लावताना मी त्यात बघितलं. सातला तीन कमी. मर्लचा हात काचेवर आला तेव्हाही सात वाजायचे होते. एरवी सभेला मी माझ्याच घड्याळाने दार लावायचे. त्या दिवशी भिंतीवरच्याने लावलं. घाईत चूक झाली, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगून बघितलं, पण मला घाई नव्हती. मला तेरा नको होते. टालमन टिकला तर उगाच महिनोन्‌महिने रेंगाळेल, कॅलॅहनची मतं खाईल, आणि शेवटी सगळेच बुडू, याची मला इतकी खात्री होती की देशाचं भलं करतेय असंच वाटलं. निकाल काय लागणार याची एकदा खात्री पटली, की तो लावायला आपण हात कधी पुढे केला ते कळतही नाही. तुझा गट मोडला. चौघं घरी गेले, दोघं कुठल्याच गटात गेले नाहीत, आणि सहा माझ्या कॅलॅहनकडे आले. मी त्यांना हसून जागा करून दिली.

एका खोलीने देश फिरला असं मी म्हणत नाही, तेवढी मी वेडी नाही. टालमन तसाही चौथाच आला असता कदाचित. पण तुझ्या घरात जे झालं ते त्या कडीनेच झालं. मर्लला मातीत ठेवून आलो त्या दिवशी चर्चच्या तळघरात, हॅमच्या सँडविचची बशी मांडीवर तशीच ठेवून, तू माझा हात धरलास आणि सांगितलंस. गाडीत बसल्याबसल्या तू त्याच्यावर तोंड सोडलंस. "उभ्या जन्मात एकदा वेळेवर येता आलं नाही? एका मिनिटाने घात केलास!" घरापर्यंत तू बोलत होतीस, पुढे पाच आठवडे जेवताना टोमणे मारत होतीस, आणि मग एका सकाळी तो गोठ्यात पडला. "एकदाही उलट बोलला नाही गं," तू म्हणालीस, "नुसतं म्हणायचा, झाला खरा उशीर." मी तुझा हात हातात घेऊन बसले. तेव्हा बोलायला हवं होतं. मी तुला कॉफी आणून दिली.

हे पत्र मी आज का लिहितेय ते आता सांगते. तुझ्या पाकिटात दुसरा एक कागद होता. पक्षाच्या वसंतातल्या जेवणात आपला काउंटीचा पक्षप्रमुख गेलन मला पितळी पाटी देणार आहे, चोवीस वर्षं चोख मोजणी केल्याबद्दल, आणि दोन शब्द तू बोलणार आहेस. ते दोन शब्द तू मला आधी वाचायला पाठवलेस, कारण तू सगळं मला आधी दाखवतेस. त्यात तू लिहिलंयस, "आर्लिसच्या घड्याळापुढे माझ्या नवऱ्याचीही गय नव्हती. एक मिनिट उशिरा आला, तर बाईने त्याच्या तोंडावर दार लावलं. असा प्रामाणिकपणा हल्ली बघायला मिळतो का?" आणि पुढे कंसात लिहिलंयस, "इथे लोक हसतील." लोक हसतीलही. मर्लच्या वेळेवर आख्खं गाव चाळीस वर्षं हसलं आहे. गेलनला मी उद्या फोन करून पाटी नको म्हणून सांगणार आहे, आणि का नको तेही. पण त्याच्याआधी तुला कळायला हवं होतं, माझ्याकडून. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, मला ते सोसणारही नाही. त्या कागदावरचं ते वाक्य तेवढं खोड. आणि तुझ्या मनात मर्लशी जे भांडण अजून चालू आहे, तेही खोड. तो उशिरा आला नव्हता, जोलीन. तो वेळेत आला होता.

तुझीच असं लिहायचा हक्क तू ठेवलास तर तुझीच,
आर्लिस