आलं ऐकू

बाबा,

काल भर मैदानात, एवढ्या गर्दीत, मी तोंड मिटून बसले होते. तुम्ही असतात तर आधी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का पाहिलं असतंत. निमित्त होतं आमच्या ऑफिसातल्या एका माणसाच्या निवृत्तीचं. तुम्हाला तो माहीत असायचं कारण नाही. तुम्ही गेल्यावर दोन वर्षांनी इथे जपानात तो मोठा भूकंप झाला. नंतर वीज वाचवायची म्हणून ऑफिसच्या लिफ्ट बंद असायच्या, आणि खरेदी विभागातला हा उंच माणूस पिण्याच्या पाण्याची खोकी खांद्यावर घेऊन सातव्या मजल्यापर्यंत जिना चढायचा. मी एकदा म्हटलं, “दमला असाल.” तर म्हणाला, “छे, सराव फुकटात होतोय.” मग कळलं की हा कंपनीच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे डाव चालवणारा खेळाडू. कंपनीचा स्वतःचा संघ असतो ह्याचं तुम्हाला नवल वाटायला नको; तुमच्या कारखान्यातले कबड्डीवाले नव्हते का, दुपारपर्यंत मशीनवर आणि नंतर मैदानावर? इथेही तसंच. आठवडाभर पुरवठादारांना फोन आणि रविवारी सामना.

पहिल्यांदा सामन्याला गेले तेव्हा लेक सात वर्षांची होती. आपल्या संघाकडे चेंडू आला, तशी मी उभी राहिले आणि चिंचवडच्या मैदानावर असल्यासारखी ओरडले, “चल चल चल, सोडू नकोस!” आजूबाजूला माझ्याशिवाय कोणाचाच आवाज नव्हता. पुढच्या रांगेतल्या आजी मागे वळल्या. ओजिमा स्टेशनजवळ त्यांचं कपडे धुवायचं दुकान आहे आणि आमच्या संघाच्या पाठीराख्यांच्या त्या पुढारी. त्यांनी हात जोडले, वाकल्या आणि मला समजेल अशा सावकाश जपानीत म्हणाल्या, “आत्ता नको हं. त्याचा आवाज त्याच्या माणसांपर्यंत पोहोचू दे. चेंडू समोरच्यांकडे गेला की हवं तेवढं ओरडा.” लेक कानापर्यंत लाल. “मम्मा, हाझुकाशी!” म्हणाली, म्हणजे लाज आणलीस. तर ह्या खेळात क्वार्टरबॅक चेंडू हातात यायच्या आधी खुणेचे शब्द मोठ्याने सांगतो, कोणी कुठे धावायचं ते. ते ऐकू जावेत म्हणून आपल्या माणसांनी गप्प बसायचं. गोंगाट करायचा तो दुसऱ्यांसाठी. मी खाली बसले आणि बाबा, मला तुम्ही दिसलात.

तुम्ही पहिली पाळी संपवून थेट शाळेच्या मैदानावर आला आहात. अंगात कारखान्याचा गणवेश, खांद्याला डब्याची पिशवी. मी चढाईला निघते आणि तुम्ही शेजारच्या माणसाला ओठांवर बोट ठेवून म्हणता, “शूऽऽ! पोरीचा दम पंचांना ऐकू यायला पाहिजे.” तो माणूस तुमच्याकडे बघतच राहतो. कबड्डीच्या मैदानावर लोकांना गप्प करणारा माणूस त्याने कधी पाहिलेला नसतो. माझ्या मैत्रिणींनी तुमचं नाव ‘शू काका’ ठेवलं होतं. हे तुम्हाला माहीत होतं का, कोण जाणे. मीही त्यांच्याबरोबर हसायचे. एकदा तर तुम्हाला तोंडावर म्हणाले, “बाकीच्यांचे वडील घसा फोडून ओरडतात. तुम्ही एक टाळी तरी वाजवा, नाहीतर येऊच नका.” तरी तुम्ही पुढच्या सामन्याला आलात, आणि मी मध्यरेषा ओलांडून सुखरूप परत आले की दोन टाळ्या. मोजून दोन. मग पुन्हा शूऽऽ.

ह्या सगळ्याचं मूळ सातवीतल्या एका सामन्यात होतं. तालुक्याचा उपांत्य सामना, शेवटची चढाई माझी, आणि पंचांनी दम सुटला म्हणून मला बाद दिलं. सामना गेला. तुम्ही तेव्हा पाळीवर होतात. संध्याकाळी मी घरी येऊन रडून रडून सांगितलं की लोक इतके ओरडत होते, पंचांना माझा आवाजच ऐकू आला नाही. आई म्हणाली, “जाऊ दे, पुढच्या वर्षी.” तुम्ही मात्र दुसऱ्या दिवसापासून उपाय काढलात. आई पोळ्या करत असताना मी तिच्याशेजारी उभं राहायचं, पोळी तव्यावर पडली की ‘कबड्डी कबड्डी’ सुरू करायचं आणि ती तव्यावरून उतरेपर्यंत थांबायचं नाही. तुम्ही भिंतीपलीकडे बाहेरच्या खोलीत बसायचात. पोळी उतरली की तिकडून आवाज यायचा, “आलं ऐकू.” आई वैतागायची, “एक दिवस पोळ्या करपतील ह्या बापलेकीपायी.” करपल्या एक-दोनदा. त्या तुम्ही खाल्ल्यात.

गेल्या महिन्यात सोमवारच्या सकाळच्या बैठकीत तो माणूस उभा राहिला, वाकला आणि म्हणाला की एक्केचाळीस वर्षांचा झालोय, खांदा ऐकत नाही, हा शेवटचा मोसम. आमचे विभागप्रमुख, जे कधी बजेटसमोरही डगमगत नाहीत, ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. काल दुकानाला कुलूप लावून आजी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर. कोणी त्याची जुनी, विटलेली जर्सी घालून आलं होतं, कोणी लेकराला खांद्यावर घेऊन. सामना आम्ही हरलो, तेही थोडक्यात. पण शेवटची दोन मिनिटं चेंडू आमच्याकडे होता आणि अख्खी आमची बाजू गप्प होती. कोणी खोकलंसुद्धा नाही. त्याचा बसलेला, घोगरा आवाज अगदी वरच्या रांगेपर्यंत येत होता. शिट्टी झाली आणि मग जो काही कल्लोळ उठला! आता सतरा वर्षांची झालेली लेक मला हलवून म्हणत होती, “मम्मा, आता ओरड ना!” मी दोन टाळ्या वाजवल्या. मोजून दोन. बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं.

इथे कोणी निरोप घेतला की एका चौकोनी जाड पुठ्ठ्यावर सगळेजण चार-चार शब्द लिहून देतात. आजींनी पुठ्ठा माझ्यापुढे धरला. “तुमच्या भाषेत लिहा,” म्हणाल्या. मी लिहिलं, ‘आलं ऐकू.’ अर्थ विचारला, तो सांगितला. त्यांनी मान हलवली आणि माझा हात थोडा वेळ हातात धरून ठेवला.

आज सुट्टी आहे. लेक क्लासला गेलीय आणि मी जेवणाच्या टेबलावर हे लिहीत बसलेय. पोस्टात टाकायचा प्रश्नच नाही. लिहून झालं की तुमच्या फोटोमागे ठेवीन. पण तिथे ठेवायच्या आधी एक सांगायचं राहिलंय. सातवीतल्या त्या सामन्यात, बाबा, कोणी एवढं ओरडत नव्हतं. पंचांना नीट ऐकू आलं होतं. माझाच दम सुटला होता.