पाण्याच्या दिवशीची दाढ

७ एप्रिल

पाच दिवसांनी पाणी आलं! पण आजही मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, घागरीला हात लावू दिला नाही. "पोटुशी बाईनं जिना चढायचा न्हाय. गप बस." तळमजल्याच्या नळावरून दुसऱ्या मजल्यापर्यंत मामांच्या खेपा, नि मी खुर्चीत! शुक्रवार पेठेत अशी नवाबी माझीच. ह्यांची ड्यूटी कुर्डुवाडीला, म्हणून तर मेंढरं दिराकडं सोपवून मामा इथं येऊन राहिलेत.

पाणी भरून झालं नि डावा गाल धरून बसले. "दाढ ठणकती गं. कानापत्तुर कळ जाती." लवंग दिली.

१२ एप्रिल

पाणी. परत दाढ! शेजारच्या मायाक्का म्हणाल्या, "गार पाणी लागलं असंल की." संध्याकाळी ओढतच दातांच्या डॉक्टरकडं नेलं. "किरकोळ कीड आहे. एवढं दुखायला नको खरं तर." मामा हट्टाला पेटले — "उपटाच!" शुक्रवारची वेळ घेतली तेव्हा कुठं शांत झाले.

१४ एप्रिल

दुखणं नाही. कडक भाकरी शेंगाचटणीबरोबर कडाकडा चावून खाल्ली — तीही डाव्याच बाजूनं! मी म्हटलं, "मामा, ढोंगी आहात." तर म्हणे, "सुनंच्या हातची हाय. दाढंला बी कळतंय की." असं बोलतात आणि मग मला त्यांच्यावर रागावताच येत नाही.

१७ एप्रिल

मामा सकाळी जिन्यात मध्येच थांबले. घागर खाली, हात जबड्यावर, अंगाला दरदरून घाम. पायरीवर टेकले तशी कळ ओसरली. "गेली बघ. लई न्हाय." परत घागर उचलायला वाकले.

आणि मला त्या दिवशीची भाकरी आठवली. कडक भाकरी चावताना न दुखणारी दाढ जिना चढताना कशी दुखते?

"मामा, ठेवा ती घागर!" मी ओरडलेच. लग्न झाल्यापासून त्यांच्यावर आवाज चढवला नव्हता. रिक्षात बसवून सरळ हृदयाच्या डॉक्टरकडं नेलं. वाटभर माझीच समजूत घालत होते — "अगं, दाढंसाठी कुटं हितं येत्यात का, येडे!"

आत नेलंय. ह्यांना फोन केला. मी बाकावर बसून हे लिहितेय. देवा, माझ्या बाळाला आजोबा पाहिजेत.

१८ एप्रिल

दाढ नव्हतीच. हृदयाची शीर तुंबलेली. वेळेत उघडली.

आत्ता भेटायला सोडलं. मामांनी माझा हात धरला नि पहिलं काय विचारावं?

"काल राहिलेलं पाणी कुनी भरलं? तू न्हाय ना, पोरी?"

"नाही" म्हणता म्हणता मी भोकाडच पसरलं.