राणीच्या गावचं खळं

इतवारी, नागपूर
ता. ५-१०-१९६७

चि. शामलास अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचे गुडघे सोडले तर इकडे सर्व ठीक. जावईबापूंना जाऊन आठ महिने झाले. विश्वनाथ आठ वर्षांचा, धाकटा अजून तुझा पदर सोडत नाही, आणि तुझे सासरे धोंडबा थकलेले. एवढे धानाचे शेत तू एकटीने सांभाळावेस हे मला पटत नाही. आमचे दिवाणजी चंपतराव यांना पाठवतो. ते कापणी-मळणी उरकतील. मग शेत मी इथून पाहीन आणि तुम्ही सारे प्रताप नगरच्या नव्या घरी यायचे. हट्ट करू नकोस.

तुझा बाबा,
मधुकरराव


नगरधन, ता. रामटेक
१४-१०-१९६७

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग रागावले, मग हसू आले. का ते सांगते. विश्वनाथच्या गुरुजींनी वर्गात आमच्या गावाची गोष्ट सांगितली. हे नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन! राज्य एवढे वाढले की प्रवरसेन स्वतःला सम्राट म्हणवू लागला. त्याच्यामागे चार मुलांत वाटण्या झाल्या आणि जोर ओसरला. उत्तरेला गुप्तांचे साम्राज्य पसरलेले. तिथल्या सम्राटाने आपली लेक प्रभावती इथे दिली. तिचा नवरा ऐन उमेदीत गेला, मुले लहान. बापाने आपले कारभारी धाडले म्हणतात, पण ताम्रपट निघाले ते तिच्या नावाने. आणि बाबा, त्यांवर तिने माहेरचे कूळ मोठ्या अभिमानाने कोरवले आहे! राज्य राखून तिने ते मुलांच्या हाती दिले. पुढे नातवाच्या वेळी नळ राजाने हे गाव घेतले, पणतवाने परत जिंकले, आणि अखेर सगळेच बुडाले, तिकडचे साम्राज्यही. आता त्या जागी आमचे धान उभे आहे.

तेव्हा सम्राट बाबा, तुम्हीही कारभारी खुशाल धाडा. पण शेत माझ्याच हातून मुलांच्या हाती जाईल. आईच्या गुडघ्यांना तेल लावत जा.

आपली हट्टी लेक,
शामला


इतवारी, १-१२-१९६७

चि. शामलास आशीर्वाद.

चंपतराव तणतणत परत आले. भरल्या खळ्यावर, गड्यांच्या देखत तू त्यांना बाजूला केलेस म्हणे. जावईबापूंचे वर्षश्राद्ध व्हायचे आहे आणि तू चार माणसांत जाऊन उभी राहतेस? मला इतवारीत तोंड दाखवायचे आहे. येत्या अकराला, सोमवारी, घ्यायला येतो. सामान बांधून ठेव.

बाबा


नगरधन, ७-१२-१९६७

ती. बाबांना शि. सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या अडतीच्या दुकानी विक्रीला निघालेल्या धानाच्या गाड्यांबरोबर धाडते. आधी ऐका, मग रागवा. आमच्याकडे रास घरी नेण्याआधी राबणाऱ्या प्रत्येकाला त्यातले सूपभर धान देतात, न तोलता. दिवाणजी पडले काट्याचे माणूस. आधी सगळे तोला, देण्याचे नंतर पाहू, म्हणाले. बाया सुपे टाकून उठल्या. निम्मी मळणी पडलेली आणि वर आभाळ भरून आलेले. मी दाराआड उभी. तेव्हा मामंजी म्हणाले, काहून थांबून राहिली वं? जाय, रास तुही हाय. मग गेले. पहिले सूप भागीरथाबाईच्या पदरात ओतले. ती सगळ्यांत म्हातारी. ती म्हणाली, मालकीण आली, बसा वं साऱ्या. पावसाआधी मळणी उरकली.

बाबा, त्या राणीचे राज्य गेले, पण तिच्या हयातीत गेले नाही. माझ्या मुलांचे शेत मी सोडणार नाही. मला न्यायला येऊ नका.

आपली शामला


इतवारी, १०-१२-१९६७

चि. शामलास अनेक उत्तम आशीर्वाद.

गाड्या पोचल्या. उद्याचे येणे रद्द. चंपतरावांची समजूत घातली. तुझी आई म्हणते, पोरगी तुमच्यावरच गेली. मी नाही म्हणालो नाही.

काल अडतीवर व्यापारी जमले होते. त्यांतल्या महादेवरावांनी मूठभर धान हातात घेतले, फुंकर मारली आणि माल कोणाचा म्हणून विचारले. इतकी वर्षे आमच्या जावयाचा म्हणून सांगत होतो. काल साऱ्यांना ऐकू जाईल असे म्हणालो, नगरधनच्या शामलाबाईंचा, आणि भाव त्यांना विचारून ठरेल. महादेवराव हसले, म्हणाले, भाव काय आता बाईमाणसाले पुसाचा? मी त्यांच्या हातातले धान परत घेतले आणि पोते शिवून टाकले.

तरी भाव काय तो लवकर कळव. तोवर तुझ्या पोत्यांना मी कोणाला हात लावू देणार नाही.

आम्हा म्हाताऱ्यांवर माया असू द्यावी.

तुझा बाबा,
मधुकरराव