टॉकीजसमोरचा सर्व्हर

८ जुलै

अमरसिंहांनी आज माइकवरून जाहीर केलं — आपल्याला एआय सर्व्हर आणायचा! समोर आम्ही पाच जण, पहिली खुर्ची दोन हातांवर. पण अध्यक्ष झाल्यापासून माइकशिवाय त्यांचा घसाच उघडत नाही.

विषय मात्र खोटा नाही. आमची ही शेतकऱ्यांची कंपनी सोयाबीनची प्रतवारी करून देते. फुटका दाणा, डागी दाणा, हिरवा दाणा — माणसं डोळ्यांनी निवडतात आणि जेवणानंतर त्यांना सगळे दाणे सारखेच गुणी दिसतात. आता दाण्यांचे फोटो काढायचे आणि यंत्रानं बघायचं. तेलाच्या बड्या कंपनीची अट अशी की फोटो बाहेर कुणाच्या संगणकावर जायचे नाहीत. यंत्र तुमच्याच छताखाली हवं. दसऱ्यापर्यंत बसलं तर हंगामाचं काम आमच्या कळंबला. नाहीतर लातूरला.

"उत्तरेश्वरराव, खरेदी तुमच्याकडं. न्हाय जमलं तर हे खातंच बंद करू. तुम्ही बी मोकळे!"

मोकळा! तीन वर्षं झाली मोकळा होऊन. दिवसातून माझी दोन-चार वाक्यं माणसांच्या कानावर पडतात ती या ऑफिसात. घरच्या भिंतींना माझे सगळे विनोद पाठ झालेत.

१३ जुलै

सर्व्हर घेणं म्हणजे खरेदी नव्हे, सोयरीक आहे. आपल्या सरकारची आयात-परवानगी वेगळी. त्याच मॉडेलची मानकांत नोंदणी आहे का, ते वेगळं — एक अक्षर बदललं तर मुलगी दुसरीच! आणि वर मुलीकडचे. यंत्र सिंगापूरहून येणार, आतली चिप आणखी लांबची. त्या लोकांना कळायला हवं की पोरगी पडते कुणाच्या घरात. पुढं विकणार तर नाहीत? वाईट संगत?

मध्यस्थ रिजवान. मूळचा नळदुर्गचा, आता पुण्यात पुरवठादार कंपनीत. फोनवर दहा मिनिटं बोललो. त्यातली सात कामाची नव्हती. बरं वाटलं.

१९ जुलै

सिंगापूरहून प्रश्नावली आली. ‘हे यंत्र अण्वस्त्रं अथवा क्षेपणास्त्रं बनवण्यासाठी वापरणार का?’ मी लिहिलं — नाही, फक्त सोयाबीन.

रिजवान म्हणाला, "काका, ते ‘फक्त सोयाबीन’ काढा. त्यांना वाटंल कोडवर्ड हाय."

काका म्हणाला. पन्नाशी कालपर्यंत लांब होती.

२१ जुलै

आज एकाच रकान्यापाशी अडकलो. ‘संपर्कासाठी दुसरी व्यक्ती. कंपनीची नोकर नसावी. सही करणाऱ्यास किमान पाच वर्षं ओळखत असावी, त्याच्या सचोटीची व वास्तव्याची खात्री देऊ शकावी.’

मनातल्या मनात सगळ्या कळंबभर फिरून आलो. मुख्याध्यापक — त्यांच्या सत्कारांवर मी दोन लेख लिहिले होते. डॉक्टर — एक लेख, पण वर्मी. आडत्यांवर तर मालिकाच! जिल्ह्याच्या पेपरात नऊ वर्षं दर रविवारी सदर चालवलं. लोक हसायचे आणि पुढच्या रविवारी आपली पाळी म्हणून मला रस्त्यात टाळायचे. सदर बंद पडलं. टाळायची सवय राहिली.

शेवटी शिवकांताचं नाव टाकलं. नंबर बघावा लागला नाही. नात्याच्या रकान्यात मात्र पेन थांबलं. कागदोपत्री काहीच मोडलेलं नाही. ती सोलापूरला भावाकडं राहते, शिवणाचे वर्ग घेते, एवढंच. ‘परिचित’ असं लिहिलं.

त्यांच्याकडून कोण कशाला फोन करतंय!

२ ऑगस्ट

आपली आयात-परवानगी मिळाली. अमरसिंहांनी पेढे वाटले. पेटी सिंगापूरहून निघायची आहे, पण सर्व्हरसाठी खोली, खोलीला एसी, एसीला वीज आणि दारावर संगमरवरी पाटी एवढं तयार आहे. विजेचं तेवढं अजून नक्की नाही.

११ ऑगस्ट

अडलं!

रिजवान: "काका, पत्ता खोटा हाय म्हणतायत."

मी हसलो. तो हसला नाही. प्रश्नावलीत मी ऑफिसचा पत्ता लिहिला होता — श्रीरंग टॉकीजसमोर, ढोकी रोड, कळंब. मागच्या गल्लीतल्या माझ्या घराचाही पत्ता हाच. सिंगापूरच्या तपासनिसानं उपग्रहाचा नकाशा उघडून टॉकीज शोधलं. नाही सापडलं. सापडणार कसं? पाडून वीस वर्षं झाली. तिथं आता मोबाइलची दुकानं, एक चपलांचं आणि वर जिम. पण कळंबात आजही ‘टॉकीजसमोर’ म्हटलं की रिक्षा येते, पोस्टमन येतो, गॅसची टाकी येते. विशीतली पोरं, ज्यांनी तिथं एक रीळ पाहिलेलं नाही, तीही पत्ता तसाच सांगतात. गाव जे नाही त्याच्या समोर राहतं आणि कुणाची काही अडचण होत नाही.

सिंगापूरला झाली.

१२ ऑगस्ट

खुलाशाचं पत्र लिहिलं. टॉकीजचा इतिहास, पहिला खेळ, इंटरवलचे शेंगदाणे, बायकांसाठी वेगळी बाल्कनी. चार पानं झाली. रिजवान म्हणाला, "लई भारी लिवलंय काका, पर त्यांना एक ओळ पायजे." बऱ्याच वर्षांनी कुणीतरी माझं पूर्ण वाचलं!

२४ ऑगस्ट

उत्तर नाही. रिजवानला रोज फोन करतो. आज त्यानं स्वतः केला. "काय न्हाय, सहज. जेवला का?" विचारलं त्यानं. मी काहीतरी खोचक बोललो. फोन ठेवल्यावर वाटलं, ‘जेवलो’ म्हणायला काय झालं होतं.

जेवलो नव्हतो, हा भाग वेगळा.

५ सप्टेंबर

प्रत्यक्ष पाहणीला माणूस येणार. हैदराबादच्या एका तपासणी संस्थेतल्या बाई — तहरीम. सोमवारी. पत्ता खरा निघाला तर पेटी सुटेल; खोटा ठरला तर ऑर्डर रद्द आणि आमचं नाव त्यांच्या काळ्या यादीत.

अमरसिंह म्हणाले, "त्याची काळजी तुम्ही करू नका." तेव्हापासून करतोय.

९ सप्टेंबर

लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

सकाळी ऑफिसात पोचलो तर समोरच्या कॉम्प्लेक्सवर दुमजली फ्लेक्स! ‘श्रीरंग टॉकीज’. सोनेरी अक्षरं, शाई जेमतेम वाळलेली. खाली — सौजन्य: अमरसिंह. फोटोसकट, हात जोडलेले.

"नकाशात न्हाय म्हणत्यात ना? आता दिसंल!"

काढा म्हणून ओरडलो. शिडीवाला पोरगा चहाला गेला होता. तेवढ्यात गाडी आलीच.

तहरीमबाई तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. उतरल्या, वर पाहिलं, फ्लेक्सचा फोटो काढला. मग आमच्याकडं न येता थेट कडूबाईच्या गाड्यापाशी गेल्या. कडूबाई टॉकीज होतं तेव्हापासून तिथं शेंगदाणे विकते.

"अम्मा, ये टॉकीज चालू है क्या?"

"कवाचं पाडलं की! आज सकाळी परत लागलंय. पिक्चर कोनता ते इचारा त्यानला." असं म्हणून आमच्याकडं बोट.

अमरसिंह अचानक फोनवर बोलू लागले. फोन उलटा धरला होता.

मी पुढं झालो. आमच्या मोडक्यातोडक्या दखनीत सांगितलं — "मॅडम, टॉकीज नक्को देखो. टॉकीज नहीं है, पत्ता है." ऐकताना त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला, एवढंच. खोली पाहिली. वायरिंग पाहिलं. संगमरवरी पाटी दोनदा वाचली. जाताना म्हणाल्या, "फॉर्म में जो दूसरा नंबर दिया है आपने, उनसे बात करनी पड़ेगी. अब तो ज़रूर."

दुसरा नंबर.

१० सप्टेंबर

तिला आधी फोन करून सांगावं का? काय सांगू? ‘शिवकांता, एक परकी बाई विचारेल मी कसा माणूस आहे, जरा सांभाळून घे’? घर सोडून जाताना ती जे बोलली होती ते अजून कानात आहे: "तुमच्याशी बोलायचं म्हंजे रविवारी छापून यायची धास्ती." खरंच छापायचो. तिचा भाजीवाल्याशी वाद, तिच्या आईचं दुखणं, झोपेतलं तिचं बडबडणं — सगळं सदरात. नाव बदलून. कळंबात नाव बदलून कोण फसतं? हळदीकुंकवाला गेली की बायका तिचीच वाक्यं तिला ऐकवायच्या.

फोन हातात घेतला, ठेवला. आता ती जे सांगेल ते खरं सांगेल. आणि खरं सांगितलं तर पेटी येत नाही.

१४ सप्टेंबर

काही कळत नाही. ऑफिसात अमरसिंह माझ्याशी माइकशिवाय बोलू लागलेत. लक्षण वाईट.

१६ सप्टेंबर

रिकाम्या खोलीत जाऊन बसलो. एसी चालू होता — ज्याच्यासाठी आणला ते आलेलं नाही, पण थंडावा राखायचा म्हणे. घरी मीही तेच करतो. दोन खुर्च्या पुसतो.

वाक्य चांगलं झालं. कुणाला पाठवायचं?

२० सप्टेंबर

रिजवानचा फोन. आवाज असा की कळेना, बरं आहे की वाईट.

"काका, मॅडमचा रिपोर्ट आला. बोर्डाबद्दल लई वाईट लिवलंय."

"आणि दुसरा नंबर?"

"त्यांच्यामुळंच तर वाचलंय!"

शिवकांता तहरीमबाईंशी बराच वेळ बोलली. त्यांनी तिचे शब्द आहेत तसे अहवालात उतरवलेत, रिजवाननं ते वाचून दाखवले. टॉकीज पाडलेलं आहे, पण तो पत्ता सगळा गाव वापरतो, लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा आम्ही तोच छापला होता. माणूस तिथंच राहतो, कुठं जायचा नाही, जायला त्याला कुणी नाही. तोंडाला धरबंद नाही. पण यंत्र दुसऱ्याला विकणार नाही. उसनी आणलेली वाटीसुद्धा रिकामी परत करत नाही.

मी म्हटलं, "मग सुटली का पेटी?"

"एक अडचण हाय." रिजवान खाकरला. "तुम्ही फॉर्मात नात्याम्होरं ‘परिचित’ लिवलंय. त्या म्हणाल्या, ते चूक हाय. मी बायको हाय त्यांची, दुरुस्त करून घ्या. आता काका, नियम असाय — दुरुस्ती केली की त्या जागी दोघांच्या सह्या लागतात. शाईनं. समोरासमोर. त्याबगर पेटी हलत न्हाय."

मी फॉर्मची प्रत काढली, ‘परिचित’ वाचलं, परत वाचलं. तोवर रिजवाननं फोन कापला नाही.

२१ सप्टेंबर

फोन केला. मीच.

तिनं विचारलं, सही करायला कुठं यायचं, ऑफिसात का घरी. चार खोचक उत्तरं तयार होती. एकही दिलं नाही.

"घरी," म्हणालो.

२४ सप्टेंबर

सोलापूरच्या गाडीनं आली. दोन्ही सह्या झाल्या. पेटी निघेल आता, दसऱ्याच्या आत.

ती काय काय बोलली, ते इथंसुद्धा लिहिणार नाही.