जाळीतला झेंडू

१९ ऑक्टोबर १९७४, शनिवार

आजही नळ्या शाबूत. बाहेर ऊन मी म्हणतंय आणि या दूध गार करायच्या केंद्रावर माझी नोकरी काय, तर बर्फ होऊ द्यायचा नाही! दूध घालायला आलेल्या एकाला आज हे समजावता समजावता घसा सुकला. कॉम्प्रेसर नळ्यांतलं पाणी अगदी गोठायला आणतो, त्या पाण्यानं दूध गार होतं. पाणी फिरतंय तोवर ठीक. ते अडलं की पाच मिनिटांत नळ्यांत बर्फ — बर्फ फुगला की नळ्या फुटल्याच. मशीन आपोआप बंद पाडणारा स्विच पावसाळ्यापासून बिघडलेला. सोलापूरला मुख्य ऑफिसला तीन पत्रं गेली. तोवर स्विच म्हणजे मी आणि मायाप्पा.

मायाप्पा पंपावर असतो. सहा वर्षं रोजंदारीवर. पाण्याची टाकी बाहेर, उघडी, आमच्या क्वार्टरच्या मागेच. पंपाच्या तोंडाची जाळी तो दर पाळीला धुतो, टाकीत काडी पडू देत नाही. दिवाळीपर्यंत त्याची कायम होण्याची ऑर्डर यायची आहे. रोज विचारतो, "आली का वो सायेब?"

२१ ऑक्टोबर

वच्छला जेवताना म्हणाली, "अहो, तुमच्या टाकीतलं पाणी वाहतं असतं का?" म्हटलं, चोवीस तास! लग्नाला अकरा वर्षं झाली, मशीनबद्दल पहिल्यांदाच काही विचारलं. बरं वाटलं.

२४ ऑक्टोबर, खंडेनवमी

मशीनची पूजा. कॉम्प्रेसरला हळदकुंकू, हार. माझा विश्वास नाही. पेढे चांगले होते.

२५ ऑक्टोबर, दसरा

संध्याकाळी सहाला पाण्याच्या दाबाचा काटा पडला. धावलो, कॉम्प्रेसर बंद केला — उशीर झाला होता. नऊ नळ्या फुटल्या. मंद्रूपकडचं सगळं दूध नासलं, ओढ्यात ओतलं. ओढा कोरडाच, दूध वाळूत जिरलं. एक म्हातारी बराच वेळ बघत उभी होती.

जाळी काढली. झेंडूच्या पाकळ्या आणि धान्याची कोवळी रोपं — गच्च भरलेली.

"कुणी टाकलं?"

मायाप्पा खाली बघत होता. "म्याच टाकलं, सायेब. घटाचं निर्माल्य. वाहत्या पान्यात सोडाया पायजे, आन् वडा आटलाय."

टाकीत काडी पडू न देणारा माणूस! नवल वाटलं. पण विचारलं नाही. फार चिडलो होतो.

२८ ऑक्टोबर

सोलापूरहून साहेब आले. अहवाल मी लिहिला. 'पंप कामगाराचा हलगर्जीपणा.' मायाप्पानं खाली सही केली, अक्षर चांगलं आहे त्याचं. साहेब म्हणाले, "याची ऑर्डर थांबवा. याला काढाच."

लिहिलं ते खरं होतं. झोप लागली.

२ नोव्हेंबर

नव्या नळ्या बसवल्या. स्विच नाहीच.

६ नोव्हेंबर

मायाप्पा पंपघराची किल्ली द्यायला आला. चिंचेखाली उभा राहिला, आत आला नाही. "जाळी दर पाळीला धुवा, सायेब. नवा गडी इसरंल." मग दोन पावलं जाऊन परत आला. "आन् वैनीस्नी यातलं काय सांगू नगा."

ऑफिसातलं मी घरी कशाला सांगीन? काहीतरीच.

११ नोव्हेंबर

वच्छला फराळाचे डबे भरत होती. "मायाप्पांच्या घरी कुणाबरोबर पाठवू? हल्ली दिसत नाहीत." मग हसत म्हणाली, "दसऱ्याला मी घटाचं टाकीत सोडलं ना, तर नको नको करत धावत आले. मला म्हणाले, ऱ्हाऊ द्या, म्या काढतो. किती वेळ हातानं एकेक फूल वेचत होते बिचारे!"

पाळीच्या मध्येच जाळी धुवायची तर मशीन थांबवावं लागतं. मशीन थांबवायचं तर मला सांगावं लागतं. आणि मी विचारलं असतं, कुणी टाकलं.

मी म्हटलं, डबा माझ्याकडे दे.

१२ नोव्हेंबर

पहिल्या एसटीनं सोलापूरला निघालोय. नवा अहवाल खिशात आहे — फुलं माझ्या घरची. वच्छलाला काही सांगितलं नाही. तो नको म्हणाला होता.