दवंडी पिटणारं मशीन

मुखेड, मंगळवार

ती. मलप्पामामा, मुक्काम लातूर, यांना भाचा संगमेश्वरचा शरणार्थ. (पायावर डोकं ठेवलं असतं, पण हे पत्र फॅक्सनं येऊन राहिलंय आणि त्यात डोकं घातलं तर मशीन ओढून घेतं.) मामी कशा हायत? तुमचा गुडघा काय म्हणतो? इकडं समदे खुशाल. मी तर खुशालीच्याही वर. मामा, तुमचा भाचा जिंकला!

पहिल्यापासून सांगतो. अण्णांचं म्हणणं तुम्हाला ठाऊकच हाय, रिकामी पोती विकायला तोंड लागतं, मशीन न्हाई. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नांदेडला ताईकडं जाताना त्यांनी दुकानाच्या उंबऱ्यातच बजावलं. डोळ्याची पट्टी निघेपर्यंत या फॅक्सवर एक तरी लेखी ऑर्डर आली पाहिजे, न्हाई तर मशीन भंगारात आणि मी पुण्याला वॉचमन. (मी, मामा! जो बसल्या जागी घोरतो!)

मग मी विद्या शिकलो. तुम्हीही शिकून ठेवा. 'ब्रॉडकास्ट' म्हणजे दवंडी: एक कागद घालायचा, बटण दाबायचं, की गावोगावच्या दाळ मिलमध्ये तोच कागद. (ताईनं त्यात नुसतं 'कास्ट' ऐकलं आणि जातीचा दाखला जोडायला सांगितला. जोडला होता.) 'हँडशेक' म्हणजे दोन यंत्रांचा आपसातला शरणार्थ; त्याबिगर कागद सरकत न्हाई. तो झाला न्हाई तर मशीन पुन्हा फोन लावतं, पुन्हा लावतं, आपल्या पारूआत्यासारखं, त्याला म्हणायचं 'रीट्राय'. आणि 'ऑप्ट-आउट' म्हणजे ज्यानं हात जोडले त्याचं नाव यादीतून काढायचं.

आता झालं काय, उमरीच्या एका दाळ मिलचा म्हणून मिळालेला नंबर निघाला मालकाच्या घरचा. फोन त्यांच्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या उशाशी. म्हातारीनं उचललं की आमचं मशीन किंचाळायचं. पलीकडून शरणार्थ मिळंना, म्हणून पुन्हा फोन, पुन्हा किंचाळी. तिला वाटलं लेकीचं तान्हं रडून राहिलंय. बिचारीनं फोनवरच अंगाई म्हटली, वेखंड उगाळून चाटवा म्हणून सांगितलं, आणि तरी रडं थांबंना तेव्हा लेकीच्या सासूचा पार उद्धार केला. तिकडं दोन घरांत अबोला झाला म्हणे.

मग तिचे चिरंजीव व्यंकटी, म्हणजे मिलचे मालक, आमचा पत्ता हुडकत जीपनं आले ते बाह्या सरसावूनच. मी गल्ल्यामागं दडलो. पण त्यांची नजर गेली पोत्यांच्या थप्पीवर. ऐन तुरीचा हंगाम, आणि उमरीत पोतं मिळंना! शिव्या देत देतच त्यांनी एक पोतं झटकलं, शिवण ओढून पाहिली, आणि शिव्या न थांबवता टेम्पो बोलावून समदी थप्पी नेली. जाताना हात जोडून म्हणले, आईचा नंबर तेवढा काढ बाबा. (ऑप्ट-आउट! अगदी पुस्तकातल्यासारखं!) मामा, मी रिकाम्या दुकानात एकटाच नाचलो.

तुमचा विजयी भाचा,
संगमेश्वर

ता. क. : एक बारीकसं काम हाय. ऑर्डर आली खरी, पण तोंडी आली, आणि अण्णांना पाहिजे फॅक्सवरची. तुमच्या अडतीच्या लेटरहेडवर एक खोटीच ऑर्डर मला फॅक्स करा. लई उपकार होतील. पट्टी आजच निघणार हाय. अण्णांना यातलं अक्षरही कळू देऊ नका. नांदेडच्या दाजींच्या ऑफिसातला नंबर मी मुद्दाम वगळलाय.

ता. क. २ (हे पान मागाहून) : मामा, घात झाला. 'एक'चं बटण वेगळं असतं आणि 'समदे'चं वेगळं. वरचं पत्र साऱ्या दाळ मिलना गेलं, दाजींच्या ऑफिसातही गेलं. (उमरीलाही फोन लागला. स्पीकरवर म्हातारी या खेपेला बाळगुटी सांगून राहिली.) आत्ताच नांदेडहून कागद आला, आमच्या मशीनवर आलेला पहिलाच. अक्षर अण्णांचं. तसंच उतरवतो: "पट्टी निघाली. डोळा झकास. पहिलं वाचन तुझंच केलं, अक्षर न् अक्षर दिसलं. तुला लेखी ऑर्डर पाहिजे ना? ही घे. मशीन राहू दे. तू पहिल्या गाडीनं इकडं ये. पारू इथंच हाय, तिनंही वाचलंय."

आली का न्हाई मामा, फॅक्सवर ऑर्डर!