पाजणीच्या वेळी केलेल्या भाषणाबद्दल

तीर्थस्वरूप रुपरावमामांना भूपेशचा नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींचा खोकला थांबला असेल. इकडे हिंगण्याच्या कॉलेजात आमच्या गटातले तिघे मजेत आहेत. चौथा मी. माझ्याशी ते बोलत नाहीत.

तुमच्या उमरेडला विणकरांच्या गल्लीत काय झालं ते कानावर आलंच असेल. (तिथल्या सुभद्राकाकूंनी सांगितलेलं खरं धरा, शिव्यांसकट.) प्रकल्प साधा होता: विणकरांचं ऐकायचं आणि त्यांच्यासोबत बसून त्यांच्या हाताला सोसेल असं अवजार बनवायचं. पाजणीचा, म्हणजे खळ लावलेली सुतं विंचरायचा जड कुंचा काकूंच्या दुखऱ्या खांद्याला झेपत नाही, तो हलका करायचा होता. गटप्रमुख प्रणालीने कामं वाटली. रितिकाने मापं घ्यायची, अनिशने चित्रं काढायची आणि मी ऐकून टिपायचं. तीन वर्षं वक्तृत्वात पहिला आलेल्या माणसाला ऐकायला बसवणं हा मला तेव्हा अन्याय वाटला.

सकाळी सातला गल्लीत पाजणी सुरू होती. लुगड्याच्या उभ्या सुतांचा चाळीस हात ताणा रस्त्यावर ताणलेला, दोन्ही बाजूंना आठ माणसं, खळ लावत, कुंच्याने सुतं मोकळी करत एका चालीने सरकणारी. ते सामूहिक श्रम पाहून माझं रक्त उसळलं. गिरण्यांच्या संपांपासून सहकारी चळवळीपर्यंत वाचलेलं सगळं घशाशी आलं. मी एका ओट्यावर चढलो आणि एकजुटीवर बोलू लागलो. तिथली माणसं सभ्य. पाहुणा बोलतो म्हटल्यावर कुंचे खाली ठेवून ऐकत उभी राहिली. पंचवीस मिनिटं. तेवढ्यात ऊन चढलं, खळ वाळली, सुतं एकमेकांना चिकटली. टाळ्या वाजल्या आणि मग काकूंनी ताण्याला हात लावला.

"काहून गा, तोंडाले लावाले कुलूप नाही भेटत का कॉलेजात?"

त्या आठांतले नत्थूकाका शांतपणे म्हणाले, "आता ह्या भाषनाचंच लुगडं विन गा बापू."

गल्लीने निरोप दिला, कॉलेजवाल्यांनी परत यायचं नाही. काकूंच्या खांद्याचं माप राहिलं. अर्धा झालेला कुंचा रितिकाच्या टेबलावर पडून आहे.

पण मी हरणारा नाही. चिकटलेला ताणा भिजवून एकेक सूत सोडवता येतं, फक्त तेवढा वेळ कोणाकडे नसतो, असं नत्थूकाका म्हणाले होते. माझ्याकडे आहे. तीन हजार सुतं असोत. रविवारी पहिल्या एसटीने येतो आणि शेवटचं सूत सुटेपर्यंत उठत नाही. लोकांसाठी काम करायचं तर आधी त्यांच्या कामाला हात लावावा, हे मी शंभर सभांत सांगितलं आहे. आता करून दाखवतो.

तुमचा भाचा,
भूपेश

ता. क. काकूंकडे माझी रदबदली करा. माफीचा मसुदा तयार आहे. प्रणालीने त्यातली दोन पानं खोडली. "काकू, चुकलं" एवढं उरलं.

आणखी ता. क. पाकीट बंद करण्याआधी प्रणालीने हे पत्रही वाचलं. "रविवारी येतो म्हणून लिहून राहिला. काकूले विचारलं का तू?" मामा, नव्हतं विचारलं. तेव्हा खरी विनंती एवढीच: आधी काकूंना विचारा. मी नको असेन तर मी इथेच थांबतो. त्या तिघांना मात्र माप घ्यायला येऊ द्या म्हणावं.